रिमांडचा सोमवार

पावणेअकरा वाजलेत. न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर पैरवी हवालदार बसलेत आणि रेक्झिनच्या बॅगेतून एकेक कागद काढून तीन ढीग लावतायत. बजावून आलेली समन्सं एकीकडे. ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत आलेली दुसरीकडे. तिसऱ्या ढिगात आजचे रिमांड. तो सगळ्यात पातळ आहे, पण घाई त्याचीच. दुसरा शनिवार आणि रविवार जोडून आल्यामुळे आजचा बोर्ड तुडुंब आहे आणि फलकासमोर वकिलांचे कारकून माना उंच करून आपापल्या तारखा शोधतायत.

हे पैरवी हवालदार म्हणजे पोलीस ठाण्याचा न्यायालयातला माणूस. पगार पोलीस खात्याचा, दिवस न्यायालयाचा. ठाण्यातले म्हणतात, हा कोर्टाचाच झालाय. कोर्टातले कारकून म्हणतात, तुमच्या ठाण्याला सांगा. साक्षीदार आला का, मुद्देमाल आणला का, रासायनिक विश्लेषकाचा म्हणजे ‘सीए’चा अहवाल कुठं अडकलाय, वॉरंटातला आरोपी पुण्याला पळाला की नुसता पुण्याला कामाला गेला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. फौजदारी न्यायव्यवस्थेचा तक्ता भिंतीवर काढला तर त्यात यांची चौकट कुठंच सापडणार नाही. चौकटींना जोडणाऱ्या रेघांवरून मात्र दिवसभर हेच चालत असतात.

तालुक्याचं गाव आहे. न्यायालय, समोर पोलीस ठाणं, शेजारी तहसील कचेरी, तिच्याच आवारात दुय्यम कारागृह, आणि एसटी स्टँड ओलांडला की ग्रामीण रुग्णालय. चहा गार व्हायच्या आत सगळीकडे फिरून येता येतं. पण हुकमाच्या वाटेनं जायचं म्हटलं तर ही खाती एकमेकांपासून कोसो दूर आहेत. ठाणं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना उत्तर देतं, न्यायाधीश उच्च न्यायालयाला, सरकारी वकील अभियोग संचालनालयाला आणि डॉक्टर आरोग्य खात्याला. दुय्यम कारागृहाचे अधीक्षक म्हणून सही करतात ते तहसीलदार, म्हणजे महसूल खातं. पहारा मात्र पोलिसांचा. यांतल्या एकानं दुसऱ्याला खडसावायचं ठरवलं तर तो निरोप मंत्रालयापर्यंत वर चढून पुन्हा रस्त्यापलीकडे उतरायला हवा. त्यापेक्षा हवालदारांना हाक मारणं सोपं पडतं.

अकराला दोन मिनिटं असताना आरोपी येतात. दोघं पोरगेलेसे, पायात स्लिपर, प्रत्येकाच्या बोटांत एकेका शिपायाची बोटं गुंतवलेली. बेड्या नाहीत. साध्या चोरीच्या आरोपीला बेडी घातली तर न्यायदंडाधिकारी मॅडम कारण विचारतात आणि पटेल असं कारण नसतं, हे शिपायांना ठाऊक आहे. लांबून पाहणाऱ्याला चार मित्र हातात हात घालून जत्रेला निघालेत असं वाटावं.

गुन्हा विहिरीवरच्या पाणबुडी मोटारींचा. तीन शेतकऱ्यांच्या मोटारी रात्रीतून उचलायच्या, फोडायच्या आणि आतली तांब्याची तार भंगारात घालायची. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), जास्तीत जास्त तीन वर्षं. फिर्यादींपैकी एक शेतकरी खांद्यावर टॉवेल टाकून व्हरांड्यात उभा आहे. त्याला आज कुणी बोलावलेलं नाही. पोरं धरली असं कानावर आलं म्हणून दूध घालून तसाच आलाय.

“हवालदारसाहेब, मोटार मिळंल का माजी?”

“आवं तात्या, आधी रिमांड तर होऊ द्या.”

तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेला नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. तात्या कायद्याची वाट बघत थांबलेले नाहीत. या सगळ्या व्यवहारात ज्याचं नुकसान झालं त्याला कुठलंही खातं नसतं, कार्यालय नसतं, बसायला बाकसुद्धा नसतं.

मॅडम येतात, सगळे उठतात, सगळे बसतात. न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग. दिवाणी दावे चालवताना याच मॅडम कनिष्ठ स्तर न्यायाधीश असतात. वय पस्तिशीच्या आतबाहेर. न्यायालय खुलं असतं, मागच्या बाकावर कुणीही येऊन बसू शकतो. मी बसलोय तिथं पंखा पोचत नाही, पण थंडीचे दिवस असल्यानं तक्रार नाही.

शिपाई नावं पुकारतो. दोन्ही पोरं पुढे येतात.

“पोलिसांविरुद्ध काही तक्रार?”

दोघं नुसत्या माना हलवतात.

“तोंडानं बोला.”

“नाय मॅडम.”

“मारहाण?”

“नाय.”

एवढ्यावर त्या थांबत नाहीत. ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय तपासणीचा कागद उलटून बघतात, त्यावरची वेळ बघतात, मग म्हणतात, “बाह्या वर करा. पाठ दाखवा.” सदरे वर होतात. पाठीवर काही नाही. पोलीस म्हणतात मारलं नाही, डॉक्टरांचा कागदही तेच म्हणतो, पोरंही तेच म्हणतात, आणि तरीही त्या स्वतः बघतात. यात पोलिसांचा अपमान आहे असं तपासी अंमलदारांना वाटत नाही. निदान चेहऱ्यावर तसं दिसत नाही. ते सहायक फौजदार आहेत, निवृत्तीला आलेले, असे सोमवार त्यांनी पुष्कळ पाहिलेत.

“अटक?”

“काल सायंकाळी सहा वीस, मॅडम.”

म्हणजे आज संध्याकाळी सहा वीसच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायला हवं होतं, ते झालं. चोवीस तासांची ही मर्यादा पोलिसांच्या नियमावलीतली नव्हे, थेट संविधानाच्या २२व्या अनुच्छेदातली. प्रवासाचा वेळ तेवढा वगळतात.

आरोपींकडून उभ्या आहेत तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवरच्या वकील. त्यांना हे काम सकाळी साडेदहाला मिळालंय आणि पोरांशी बोलायला जिन्याखालची दहा मिनिटं. पहिला प्रश्न त्या नेमका टाकतात: अटकेची कारणं लेखी दिली का, मराठीत दिली का, आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी दिली का? नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलंय. सहायक फौजदार शांतपणे पोरांच्या सह्यांचा कागद पुढे करतात. त्यावर वेळही आहे. वकील ताई मान डोलावतात; तो मुद्दा संपला.

सरकारी वकील पाच दिवसांची पोलीस कोठडी मागतात. दोन मोटारी मिळायच्यात, भंगारवाल्याचं नाव निघायचंय, दुचाकी जप्त व्हायचीय. वकील ताई म्हणतात, तीन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा, नोटीस देऊन चौकशीला बोलावता आलं असतं, अटक कशाला? २०१४च्या अर्णेश कुमार निकालापासून हा युक्तिवाद देशभरातल्या रिमांड कोर्टांत रोज होत असणार. मॅडम तपासाची डायरी मागवतात आणि वाचत बसतात. तीनचार मिनिटं कोर्टात फक्त पंख्याचा आवाज.

“आणि मॅडम, दुसऱ्या आरोपीचं वय अर्जात १९ लिहिलंय. तो मला सतरा सांगतोय.”

सहायक फौजदार पहिल्यांदाच चुळबुळतात. “आधारवर एकोणीस आहे, मॅडम.”

“आधार वयाचा पुरावा धरत नाहीत. शाळा कुठली?”

पोरगं शाळेचं नाव सांगतं. नववीत सोडली.

“तीन वाजता ठेवते. शाळेचं जनरल रजिस्टर मागवून घ्या.”

इथून पुढं मलाही हात आखडता घ्यावा लागतोय. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानुसार अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. म्हणून गावाचं नाव, शाळेचं नाव, पोराच्या अंगावरच्या सदऱ्याचा रंग, यांतलं काहीच इथं येणार नाही.

हवालदार बाहेर येऊन मुख्याध्यापकांना फोन लावतात. मघापर्यंत पोलीस, न्यायालय, सरकारी वकील, विधी सेवा आणि आरोग्य खातं एवढीच गर्दी होती. आता शिक्षण खातंही आलं. मुख्याध्यापक म्हणतात, लेखी पत्र लागेल. हवालदार म्हणतात, पत्र येतंच आहे, तुम्ही कारकुनाला रजिस्टर देऊन गाडीवर बसवा. पत्र अजून टंकलेलंही नाही.

दरम्यान आत काम थांबत नाही. पलीकडच्या ठाण्याचा एक शिपाई धापा टाकत न्यायालयाच्या अधीक्षकांच्या टेबलाशी येतो. कापडी बस्त्यात बांधलेलं दोषारोपपत्र, आणि आज ५९वा दिवस. साठ दिवसांच्या आत ते दाखल झालं नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो, मग गुन्ह्याचा पुरावा कितीही भक्कम असो. कारकून पानं मोजतो, अनुक्रमणिका ताडून बघतो. ‘सीए’चा अहवाल? प्रयोगशाळेतून यायचाय, आला की पुरवणी दोषारोपपत्र देऊ, असं पत्र जोडलंय. टेबलावरच्या संगणकात या गुन्ह्याचा एफआयआर केव्हाचा येऊन पडलाय. पोलीस, न्यायालयं, अभियोग, कारागृहं आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांचे संगणक एकमेकांशी बोलावेत अशी केंद्राची आयसीजेएस नावाची यंत्रणा आहे आणि ती बोलतेही. पण कारकुनाला छापील प्रत हवी असते, शिपायाला पोच हवी असते. पोच मिळाल्यावर तो पहिल्यांदा खिशातला रुमाल काढतो.

मग एका जुन्या मारामारीच्या खटल्यात पंच पिंजऱ्यात येतो. लाखेचं सील लावलेली पुडी फोडून सुरा दाखवतात. पंच म्हणतो, सही माझीच, पण कागद कोरा होता. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतात, चारदोन प्रश्न विचारतात, बसतात. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झाल्यानं असे पंच कमी होतील, अशी त्यांची आशा आहे. ती त्यांनी मला मधल्या सुट्टीत, वडापाव खाताना सांगितली.

या गृहस्थांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. खटला त्यांना चालवायचा, पण तपास कसा करायचा हे ते पोलिसांना फर्मावू शकत नाहीत. सल्ला देतात, ऐकला तर ऐकला. फाईल हातात येते तोवर पंच निवडून झालेला असतो, पंचनामा लिहून झालेला असतो. “म्हणजे भाजी दुसऱ्यानं आणायची, आणि आमटी बिघडली की बोल मला,” असं ते हसत म्हणतात. मी विचारतो, मग तुम्हाला पोलिसांच्याच खात्यात घातलं तर? ते दचकतात. तसं होतंच की. महाराष्ट्रात खालच्या कोर्टातले अभियोक्ते पोलीस खात्याच्या प्रशासकीय अंमलाखाली असायचे. १९९५ साली शहाणे आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांची स्वतंत्र शाखा करायला लावली. मॅडमची खुर्चीही अशीच एकदा सोडवून घेतलेली आहे. मुंबई राज्यानं १९५१ साली न्यायाची आणि कारभाराची कामं वेगळी करणारा कायदा केला, त्याआधी सारा वसूल करणारा महसुली अधिकारीच दंडाधिकारी म्हणून शिक्षाही ठोठावायचा. ओळख परेड घेणं वगैरे कामांत तहसील कचेरीचा तो जुना हात अजून दिसतो.

समन्वय वाढवा, सगळं एका छत्राखाली आणा, असं हल्ली प्रत्येक परिसंवादात ऐकू येतं. मागच्या बाकावर बसून मला त्याची थोडी धास्तीच वाटते. मॅडमनी सदरे वर करायला लावले ते त्यांना पोलिसांवर विसंबून राहायचं नव्हतं म्हणून. डॉक्टर, वकील ताई, रजिस्टर घेऊन येणारा कारकून, हे सगळे पोलिसांच्या हाताखालचे असते तर सकाळच्या अर्जातलं एकोणीस हे वय एव्हाना पक्कं झालं असतं. खाती एकमेकांपासून दूर आहेत ते बरं आहे. वाईट एवढंच की त्या अंतरात माणसांचे महिने जातात, आणि ते जाऊ नयेत म्हणून नेमलेला माणूस एकटा आणि रेक्झिनची बॅग घेतलेला.

सुट्टीनंतर भिंतीवरचा पडदा लागतो. जिल्हा कारागृहातले कच्चे कैदी. त्यांना प्रत्यक्ष आणायचं तर पोलीस मुख्यालयातून पार्टी मिळायला हवी, आणि पार्टी आज कुठल्याशा बंदोबस्ताला गेलीय. न्यायालय कारागृहाला हुकूम करतं, कारागृह पोलिसांकडे बोट दाखवतं, पोलीस बंदोबस्ताकडे. पडद्यानं हे भांडण तात्पुरतं मिटवलंय. कैदी ओठ हलवतो, आवाज येत नाही. कारागृहाचा शिपाई वायर हलवतो, आवाज येतो.

“जामीन मंजूर होऊन महिना झाला. बाहेर का नाही?”

“जामीनदार मिळंना, साहेब.” पलीकडून त्याला मॅडम दिसत नसाव्यात.

देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे जवळजवळ तीन असेच, खटला निकाली न निघालेले. त्यातले काही तर जामीन मिळूनही आत. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर एक वाट घालून दिली: जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिना उलटला तर न्यायालयानं अटी सैल करता येतील का ते बघायचं. या माणसाच्या बाबतीत कागद खरोखरच त्या वाटेनं आलाय. कारागृहातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुका समितीला, समितीतून याच वकील ताईंच्या हातात. मॅडम जामीनदाराची अट काढून पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर सोडायचा हुकूम देतात. सगळं मिळून चार मिनिटं. पडद्यावरचा माणूस हुकूम न कळून तसाच उभा राहतो. शिपाई त्याच्या कानाशी काहीतरी सांगतो आणि पुढचा कैदी चौकटीत येतो.

तीन वीस. शाळेचा कारकून लांबोडकं रजिस्टर छातीशी धरून येतो, त्याच्यामागं पोराची आई. तिच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला आहे. सकाळी रेशनकार्डाच्या घडीत सापडला म्हणते. रजिस्टर मॅडमच्या टेबलावर उघडतं. त्यांचं बोट रकान्यावरून खाली सरकतं. दाखल्यातली तारीख आणि रजिस्टरमधली तारीख एकच. सतरा वर्षं पाच महिने. सरकारी वकील रजिस्टर पाहतात, खाडाखोड आहे का ते निरखतात आणि म्हणतात, हरकत नाही.

“काल रात्री याला कुठं ठेवलं होतं?”

सहायक फौजदार खाली बघतात. “कोठडीत, मॅडम. वय माहीत नव्हतं.”

मॅडम रागावत नाहीत. लघुलेखकाला तेवढंच वाक्य सांगतात, शब्द न बदलता, ‘अर्जदार अधिकारी सांगतात की’ इथपासून. मग पुढचा हुकूम. मोठ्याला दोन दिवस पोलीस कोठडी. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मागायला लागायची. आता असल्या गुन्ह्यात पहिल्या चाळीस दिवसांत तुकड्यातुकड्यानं मागता येते, त्यामुळं पाच मागून दोन मिळाले तरी सहायक फौजदार खट्टू होत नाहीत. धाकट्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे, आजच्या आज.

मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी, सत्तर किलोमीटरवर. आज त्याची बैठक नाही. पण बैठक नसली तर एका सदस्यासमोरही मुलाला हजर करता येतं. हवालदार जिल्ह्याच्या बाल पोलीस पथकाला फोन लावतात, तिथून सदस्यांचा नंबर, सदस्य म्हणतात सातपर्यंत घरी आहे, या. ठाण्याची गाडी मिळते. वरच्या जिन्यावर आईला सगळं समजावून सांगणाऱ्या वकील ताई ‘निरीक्षणगृह’ म्हणाल्या की ती ‘तुरुंग’ ऐकते. तिसऱ्यांदा सांगितल्यावर विचारते, तिथं जेवायला देत्यात का.

तात्या अजून आहेत. एक पोरगं इथं, एक तिकडं, हे त्यांना नीट उमगलेलं नाही.

“मग माजी मोटार कुठल्या कोर्टात?”

“तार सापडली तर इथंच, तात्या. अर्ज करा, सुपूर्दनाम्यावर मिळंल.”

“तार घिऊन मी काय करू? पाणी कशानं काढू?”

यावर हवालदारांकडे उत्तर नाही, पण घाई आहे, कारण नवीच अडचण उभी राहिलीय. मुलाला नेणारा पोलीस गणवेशात असता कामा नये. शिपायाचं घर दुसऱ्या टोकाला. शेवटी झेरॉक्सवाला आपल्या दुकानात टांगलेला चौकड्याचा शर्ट काढून देतो. तो पोटावर ताणला जातो आणि एक बटण नाही. शिपाई सहायक फौजदारांकडे बघतो.

“चालतंय. कायद्यात बटणाचं काही नाही. निघा.”

गाडी सुरू होते. हवालदार खिडकीत हात घालून हुकमाच्या दोन प्रती शिपायाच्या मांडीवर ठेवतात. “एक सदस्यांना, एक निरीक्षणगृहात. दोन्हीकडची पोच घ्या. पोचवर वेळ टाकून घ्या, नुसती तारीख नको. उद्या मॅडम पहिलं तेच विचारतील.”